शून्यापासून मोजणारा

मी पुरिस्तिन. नाव ऐकून दचकू नका. फिनिश भाषेतला हा साधा शब्द आहे, अर्थ एवढाच की दाबून बसवणारा. बरणीत लोणचं दाबून भरतात ना, तसे मी आकडे दाबून भरतो. एका फ्लॉपीवर जेवढं मावत नाही तेवढं मी मावून दाखवतो, आणि मागाल तेव्हा होतं तसं परत काढून देतो. मी एक प्रोग्राम आहे, एकोणीस पानांचा. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. तरी आज बोलतोय, कारण यंदाच्या मार्चमध्ये माझ्यावर जे गुदरलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

माझा जन्म एकोणीसशे शहाऐंशीचा, कुइक्का गावातल्या तंत्रशाळेत. तिथे बारा यंत्रं होती आणि त्यांच्यावर कोइवु नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं राज्य होतं. कोइवु म्हणजे घरची कारभारीण समजा, आणि आम्ही तिच्या हाताखालचे गडी. एक फायलींच्या नकला काढायचा, एक याद्या लावायचा, एक फ्लॉप्या तपासायचा. त्यांत मी सगळ्यांत धाकटा, आणि तोही पैजेतून जन्मलेला.

पैज लावली होती वुओक्कोनं. वुओक्को गावची टपालवाली. रोज सकाळी टपाल वाटायला निघाली की आधी तळ्याकाठी जायची, हिवाळ्यात बर्फाला भोक पाडायची आणि खुणेच्या काठीवर पाण्याची पातळी वाचून वहीत लिहायची. कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, कुणीतरी लिहायला हवं, म्हणून ती लिहायची. शनिवारी शाळेत येऊन तेच आकडे ती यंत्रावर चढवायची. एन्सिओ तिथे गणित शिकवायचा.

"तुझ्या या डबड्यात माझी दोन वर्षंसुद्धा मावत नाहीत," ती त्याला म्हणाली. "मी दहा वर्षं मोजणार आहे. एका फ्लॉपीवर बसवून दाखव, मग तुला शहाणा म्हणेन."

"बसवलं तर?"

"तर तुला वर्षभर वेलचीचा पाव."

पावासाठी माणूस काय करेल सांगता येत नाही. एन्सिओनं तीन आठवड्यांत मला लिहून काढलं.

माझी युक्ती सोपी आहे. बर्फाखाली पाणी हलत नाही. चार-चार, दहा-दहा दिवस काठीवर तोच आकडा असतो. मग तो दहा वेळा कशाला लिहायचा? एकदा लिहायचा आणि पुढे किती दिवस ते टाकायचं. एकच दिवस टिकलेला आकडा मात्र नुसताच लिहायचा, मोजणीशिवाय. झालं!

पण माझ्या अकराव्या पानावर एन्सिओच्या हातून एक चूक राहिली. आता लाज कशाला धरू, सांगूनच टाकतो. सलग दिवस मोजताना मी एकापासून सुरुवात करायला हवी होती, मी शून्यापासून करतो. त्यामुळे चार दिवस असले तर मी तीन लिहून ठेवतो. पण गंमत बघा, परत उघडतानाही मी शून्यापासूनच मोजतो, म्हणून तीन वाचतो आणि चार सांगतो. एका चुकीनं दुसरीला सांभाळून घेतलं. आकडे जसेच्या तसे बाहेर यायचे, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. एन्सिओच्याही नाही.

मी तयार झालो त्या दिवशी कंपायलरनं माझ्या सगळ्या बाइटांची बेरीज दाखवली. कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात करून देणारा. एन्सिओनं ती बेरीज माझ्या शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहिली: ४१,९०७. ही माझी जन्मखूण.

मग मी अकरा वर्षं इमानानं राबलो. दर वर्षाची एक फाइल. वुओक्को मोजायची, मी दाबायचो. बर्फ फुटायचा त्या दिवशी ती पातळीऐवजी ९९९ टाकायची, म्हणजे तो दिवस चटकन सापडावा. कुइक्कात बर्फ कधी फुटणार यावर दर वर्षी पैजा लागतात. एन्सिओ दर वर्षी पंचवीस एप्रिल सांगायचा, कारण तो त्याचा वाढदिवस. आणि दर वर्षी हरायचा. सत्त्याऐंशी साली वुओक्कोनं नऊ मे सांगितला आणि अचूक जिंकली. बक्षीस म्हणून कॉफीचा मोठा डबा मिळाला. कॉफी संपली, पण डबा तिनं टाकला नाही. त्यात मी दाबलेल्या आकड्यांची फ्लॉपी आणि तिच्या नकला ठेवल्या.

पुढे नवी यंत्रं आली. कोइवु बनवणारी छोटी कंपनी बुडाली, शाळेनं ती बारा यंत्रं भंगारात घातली, आणि आम्हा गड्यांना कुणी विचारेना. माझी चालती प्रत होती ती फ्लॉपी एन्सिओच्या होडीघरात राहिली आणि तिला बुरशी लागली. उरलो मी फक्त कागदावर. तो छापील कागद, कडेला छिद्रं असलेला, एन्सिओच्या बायकोनं लोकरी मोज्यांच्या खणात खाली अंथरला. अठ्ठावीस वर्षं मी मोज्यांखाली होतो. मोजे उबदार असतात हे खरं, पण ज्यानं तळं सांभाळलं त्यानं मोजे सांभाळावेत? असो.

यंदा फेब्रुवारीच्या शेवटी खण उघडला आणि उजेड आला. समोर वुओक्को उभी होती, केस पांढरेशुभ्र, हातात तोच कॉफीचा डबा. एन्सिओ मोजे बाहेर फेकत होता.

"आहे! मी म्हटलं नव्हतं का, आहे म्हणून!" तो ओरडला.

"मोज्यांखाली ठेवलंस याला?" वुओक्को म्हणाली. "धन्य आहे तुझी!"

"मी नाही ठेवलं, आयलीनं ठेवलं."

"मेलेल्या बायकोवर ढकलू नकोस."

झालं होतं असं. धरणवाल्या कंपनीनं परवाना मागितला होता, की मार्चमध्येच दारं उघडून तळ्याचं पाणी खाली उतरवायचं. त्यांचं म्हणणं, हे तळं पूर्वीपासून मार्चअखेरीलाच तळ गाठतं, मग आम्ही थोडं लवकर सोडलं तर कुणाचं काय बिघडतं? वुओक्को म्हणत होती, साफ खोटं, तळ गाठतं ते एप्रिलच्या मध्याला. सीका मासा शरद ऋतूत उथळ पाण्यात अंडी घालतो. मार्चमध्ये पाणी गेलं तर बर्फ थेट त्या अंड्यांवर बसतो आणि सगळी अंडी चिरडली जातात. गावातली बारा घरं त्या माशावर जगतात. तिच्या वह्यांत अकरा वर्षांचा पुरावा होता, पण वह्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बाहेरच्या खोलीत होत्या, आणि सौना पंचवीस वर्षांपूर्वी जळाला होता. उरल्या होत्या फक्त डब्यातल्या फ्लॉप्या. त्या दाबल्या होत्या मी, आणि उघडणारही मीच.

पाणी-परवाना मंडळाचं पत्र तिच्या खिशात होतं. त्यात लिहिलं होतं: जुनी आकडेवारी त्याच काळच्या साधनांनी उघडून दाखवावी, बेरजेचा दाखला जोडावा. सुनावणी मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी, सकाळी दहाला.

"त्या काळचं यंत्र कुठून आणायचं?" वुओक्कोनं विचारलं.

"यंत्र नको. मिर्का आहे."

मिर्का गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल. वय सेहेचाळीस, बोलणं मोजकं, हट्ट अपार. जुन्या यंत्रांचं वेड असलेली माणसं दर बुधवारी तिच्याकडे जमतात. तिच्या लॅपटॉपमध्ये एक प्रोग्राम आहे, तो बहुरूप्यासारखा जुन्या यंत्राचं सोंग घेतो. सोंग इतकं पक्कं की आतल्या कोइवुला आणि तिच्या कंपायलरला कळतच नाही की आपण नव्या जमान्यात आहोत. बुडालेल्या कंपनीच्या मालकानं जाता जाता कोइवुच्या फ्लॉप्या वाचनालयाला दिल्या होत्या, म्हणून कंपायलर तरी शाबूत होता. फक्त सकाळी उठल्यावर कोइवु तारीख विचारते, आणि तिला एकोणीसशे नव्व्याण्णवच्या पुढचं साल मान्य नाही. मग मिर्का रोज सत्त्याऐंशी टाकायची आणि म्हणायची, "चला, मी पुन्हा आठ वर्षांची."

सोमवारी सकाळी काम सुरू झालं. एन्सिओनं मला मांडीवर घेतलं, चष्मा पुसला आणि वाचायला लागला. मिर्का टाइप करत होती. माझा कागद पिवळा पडलेला, शाई फिकटलेली, पेन्सिलीच्या खुणा फक्त त्यालाच कळणाऱ्या, म्हणून वाचायचं त्यानंच.

दहा पानं छान गेली. मला तर अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं वाटत होतं. मग अकरावं पान आलं.

एन्सिओ थांबला. त्यानं ती ओळ पुन्हा पाहिली. मोजणी शून्यापासून. त्याचे कान लाल झाले. चाळीस वर्षं त्यानं पोरांना एकच धडा शिकवला होता, की आधी बघा मोजणी कुठून सुरू होते. आणि त्याच्याच प्रोग्राममध्ये, त्याच्याच हातची ही बावळट चूक!

"काय झालं?" मिर्कानं विचारलं.

"काही नाही. शाई पुसट आहे." आणि त्यानं वाचलं, "मोजणी बरोबर एक."

मिर्कानं एक टाइप केलं.

अरे देवा! मी कागदावरून ओरडलो, पण कागदाचा आवाज कुणाला ऐकू येतो? एन्सिओला वाटलं, त्यानं मला सुधारलं. तो हे विसरला की ज्या फ्लॉप्या उघडायच्या आहेत त्या शून्यापासून मोजणाऱ्या मीच दाबल्या आहेत. आता मी तीन वाचणार आणि तीनच सांगणार. चौथा दिवस गेला पाण्यात.

बुधवारी एकोणीस पानं पूर्ण झाली. मिर्कानं कंपायलर चालवला. दोन सेकंदांत उत्तर आलं: सेहेचाळीस चुका.

"दोन सेकंदांत?" एन्सिओ म्हणाला. "मला नाही पटत. आमच्या वेळी अकरा मिनिटं लागायची. त्यात एक कॉफी व्हायची."

"सोंग जोरात पळतंय म्हणून. मूळ वेगानं पळवू?"

"पळव. घाईघाईत केलेल्या कामावर माझा विश्वास नाही."

मग तसंच केलं. दर वेळी अकरा मिनिटं, दर वेळी कॉफी, दर वेळी वुओक्कोचा वेलचीचा पाव. सेहेचाळीस चुकांच्या एकोणतीस झाल्या, एकोणतीसच्या आठ. कुठे स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम होता, कुठे एक ओळच गाळली होती. मिर्का न बोलता एकेक काढत होती. शुक्रवारी दुपारी पडद्यावर आलं: चुका शून्य. मग मिर्कानं खालचा आकडा वाचला.

"एकेचाळीस हजार नऊशे आठ."

"कागदावर नऊशे सात आहे," वुओक्को म्हणाली.

"एकाचा फरक," एन्सिओ म्हणाला. "एक म्हणजे काय मोठं?"

मिर्कानं त्याच्याकडे पाहिलं. "बेरजेत एक म्हणजे चूकच. टाइप करताना मी कुठेतरी एक अक्षर चुकले आहे. सापडेल."

"अगं, एकाचा तर आहे!"

"मंडळाला हजाराचा फरक असला काय आणि एकाचा असला काय, सारखंच. सोमवारी पुन्हा पहिल्यापासून वाचू."

सोमवारी खरंच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एकोणीस पानं, ओळीमागून ओळ. मिर्कानं मध्येच म्हटलं, "पानं मला दे ना, मीच ताडून बघते. तुझा घसा बसलाय."

"पानं माझ्याजवळच राहतील," एन्सिओ म्हणाला. अकरावं पान आलं. तो पुन्हा म्हणाला, "एक." पहिल्यांदा ती दुरुस्ती होती. दुसऱ्यांदा ती लबाडी झाली. ज्यानं मला जन्म दिला त्याला लबाड म्हणताना मला काही गोड वाटत नाही, पण खरं ते खरं.

मंगळवारी तिसऱ्यांदा वाचलं. मिर्काचे डोळे सुजले होते. वाचनालयात लोक पुस्तकं बदलायला येत होते, ती उठून पुस्तकं द्यायची आणि परत त्याच ओळीवर येऊन बसायची. तक्रार नाही, त्रागा नाही. "मीच चुकले आहे," एवढंच म्हणायची. एन्सिओ तिच्याकडे बघायचा आणि खिडकीबाहेर बघायला लागायचा.

बुधवार उजाडला. सुनावणीला एक दिवस.

"पुरे झालं," वुओक्को म्हणाली. "फरक राहू दे एकाचा. उघड एक फाइल, काय निघतं ते बघू. सत्त्याऐंशीची उघड, ते वर्ष मला पाठ आहे."

मिर्कानं फ्लॉपीतली फाइल माझ्या पुढ्यात ठेवली. मी काय करणार? मला जसं बनवलं तसा मी वागलो. आकड्यांची रांग पडद्यावर धावली. वुओक्को चष्मा नाकावर ओढून बघत होती.

"नऊशे नव्व्याण्णव कुठे आलंय? बर्फ कधी फुटला?"

मिर्कानं दिवस मोजले. "एकशे पंधरावा दिवस. म्हणजे पंचवीस एप्रिल."

वुओक्कोनं एन्सिओकडे बघितलं आणि ती खो खो हसत सुटली. "पंचवीस एप्रिल! अरे गुलामा! आयुष्यभर हरलास म्हणून आता बर्फच मागे सरकवलास? लाच किती दिलीस बर्फाला?"

"मी काही केलं नाही," एन्सिओ म्हणाला.

तिचं हसू एकदम थांबलं. तिनं कॉफीचा डबा उचलून टेबलावर आपटला आणि फिरवला. मागे चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली: बर्फफुटीची पैज, ९ मे १९८७, पहिलं बक्षीस. "त्या दिवशी मी काठावर उभी होते, एन्सिओ. बर्फ फुटल्याचा आवाज या कानांनी ऐकलाय मी. तुझं यंत्र खोटं बोलतंय."

मिर्का एव्हाना खाली खाली जात होती. "आणखी एक. या वर्षात तीनशे एकतीसच दिवस आहेत."

"आणि सगळ्यात खालची पातळी?" वुओक्कोचा आवाज बारीक झाला. "कोणत्या तारखेला आली?"

"एकतीस मार्च."

"ती बारा एप्रिलला होती! दर वर्षी एप्रिलच्या मध्याला! हे कागद उद्या दिले तर कंपनीचंच म्हणणं खरं ठरेल. माझ्याच तोंडून!" ती मटकन खुर्चीत बसली. "अकरा वर्षं मी हाताची कातडी गोठवली, ती त्यांच्या वकिलासाठी?"

एन्सिओ उभा राहिला. मांडीवरचं पान त्यानं उचललं आणि मिर्काच्या पुढ्यात ठेवलं. बोट त्या ओळीवर.

"इथे शून्य आहे," तो म्हणाला. "मी एक वाचत होतो."

मिर्कानं पान बघितलं. "तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

"मी चार दिवस स्वतःला दोष देतेय, एन्सिओ."

"माहीत आहे. पोरी, माझीच चूक होती ती. शहाऐंशीची. मला लाज वाटली. मला वाटलं, गुपचूप नीट करून टाकू, कुणाला कळायचं नाही. दाबतानाही हीच चूक होती, हे ध्यानातच आलं नाही. आणि मंगळवारी ध्यानात आल्यासारखं वाटलं तर जीभ उचलेना."

वुओक्को उठली. मला वाटलं, आता याची काही धडगत नाही. पण ती म्हणाली, "सत्त्याहत्तर वर्षांचा झालास, आता तरी शहाणा हो. बस खाली. मिर्का, शून्य कर."

मिर्कानं एकाचं शून्य केलं. कंपायलर सुरू झाला, मूळ वेगानं. अकरा मिनिटं. या वेळी कुणी कॉफीला हात लावला नाही. पडद्यावर आकडा आला आणि मिर्कानं तो मोठ्यानं वाचला, एकेक अंक वेगळा: "चार. एक. नऊ. शून्य. सात."

मी पुन्हा मी झालो. सत्त्याऐंशीची फाइल उघडली. तीनशे पासष्ट दिवस. खालची पातळी बारा एप्रिल. नऊशे नव्व्याण्णव एकशे एकोणतिसाव्या दिवशी, म्हणजे नऊ मे. वुओक्कोनं डब्यावर दोन्ही हात ठेवले आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "आता बाकीची दहा वर्षं. संध्याकाळी पाचला वाचनालय बंद होतं." पाचच्या आत अकराच्या अकरा वर्षं कागदावर आली.

गुरुवारी नगरपालिकेच्या सभागृहात मीही होतो, मिर्काच्या लॅपटॉपमध्ये, सोंगाच्या पोटात. कंपनीचा वकील तयारीचा होता. त्यानं माझे कागद चाळले आणि विचारलं, "हा प्रोग्राम निर्दोष आहे, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

वुओक्कोनं तोंड उघडण्याआधी एन्सिओ उभा राहिला. त्याला "नाही" म्हणायची काही गरज नव्हती. तो गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. मिर्कानं त्याची बाही धरली. त्यानं ती सोडवली.

"निर्दोष नाही," तो म्हणाला. "अकराव्या पानावर चूक आहे. माझी."

सभागृहात कुजबुज झाली. वकिलाचा चेहरा फुलला. "मग हे आकडे चुकीचे आहेत?"

"आकडे बरोबर आहेत. चूक आहे म्हणूनच बरोबर आहेत. चूक काढून टाकली की काय होतं, ते दाखवू? मिर्का, ते कालचं काढ." पडद्यावर दोन याद्या आल्या, शेजारी शेजारी. "डावीकडे चूक ठेवलेली, उजवीकडे काढलेली. आता तुम्हीच सांगा साहेब, तुमच्या वर्षात दिवस किती असतात? तीनशे पासष्ट की तीनशे एकतीस?"

मंडळाच्या अध्यक्षबाई पुढे वाकल्या. "आणि बर्फ नऊ मेला फुटला याला दुसरा काही पुरावा?"

वुओक्कोनं पिशवीतून डबा काढला, पहिल्या बक्षिसाची चिकटपट्टी त्यांच्याकडे फिरवली आणि टेबलावर ठेवला. "हा. आतली कॉफी मात्र संपली, बाई."

हसलं सगळं सभागृह, अध्यक्षबाईसुद्धा. त्यांनी डब्याचा फोटो काढून नोंदीला जोडायला सांगितला. दुपारी तिघांनी खाली उपाहारगृहात गुरुवारचं वाटाण्याचं सूप घेतलं. एन्सिओनं दोनदा वाढून घेतलं. मिर्का त्याच्याशी सूप संपेपर्यंत बोलली नाही, आणि संपल्यावर म्हणाली, "पुढच्या बुधवारी ये. फ्लॉपी तपासणारा गडी अजून बांधायचा आहे. या वेळी पानं माझ्या हातात."

निकाल मे महिन्यात आला, आणि तोवर दारं बंदच ठेवायला लावली होती. बर्फ फुटेपर्यंत दारं उघडायची नाहीत. सीकाची अंडी यंदा बर्फाखाली शाबूत राहिली.

आता मी वाचनालयात असतो, मिर्काच्या लॅपटॉपमध्ये आणि तिच्या कपाटातल्या दोन प्रतींमध्ये. कागद मात्र एन्सिओकडे परत गेला. मोज्यांखाली नाही, भिंतीवर, काचेत, अकरावं पान वरती.

गेल्या बुधवारी एन्सिओ आला, मिर्काच्या खुर्चीत बसला आणि माझ्या त्या ओळीच्या वर, स्वतःच्या हातानं, एकेक बोट शोधत एक शेरा टाइप केला. मिर्का पाठीमागे उभी राहून वाचत होती. शेरा असा:

"मोजणी शून्यापासून सुरू होते. ही चूक आहे आणि ती माझी आहे. दुरुस्त करू नका. हिच्या आत अकरा वर्षांचं तळं आहे. एन्सिओ."

मिर्कानं पुन्हा कंपायलर चालवला. अकरा मिनिटं, एक कॉफी. बेरीज आली ४१,९०७. एकाचाही फरक नाही. शेरे कंपायलर वाचत नाही, ते माणसांसाठी असतात.

म्हणून तुम्हाला सांगतो. एन्सिओ राहणार नाही, वुओक्को राहणार नाही, मिर्काही एक दिवस निवृत्त होईल. मग तुमच्यासारखं कुणीतरी हुशार माणूस मला उघडेल, अकराव्या पानापाशी थांबेल आणि हसेल. हसा खुशाल. पण हात लावण्याआधी वरची ओळ वाचा, आणि मला मोजू द्या शून्यापासून.